कोड सगळ्यांचा, नाव कोणाचं?

तुमच्या थीसिसमध्ये देवनागरी मजकूर येणार असेल, तर आज ना उद्या तुमची गाठ 'शोभिका' नावाच्या फॉण्टशी पडेल. आयआयटी मुंबईच्या 'संधी' म्हणजे सायन्स अँड हेरिटेज इनिशिएटिव्ह या उपक्रमातून तो निघाला. अकराशेहून जास्त जोडाक्षरं, वैदिक स्वरचिन्हं, रोमन लिपीत संस्कृत लिहायला लागणारी टिंबं आणि रेघा, शिवाय गणिताची नेहमीची काही चिन्हं, एवढं सगळं एका फॉण्टात आहे. फुकट मिळतो. आणि नुसता फुकट नाही, मुक्तस्रोत आहे. म्हणजे उघडून बघा, बदला, वाटा, कोणी अडवणार नाही.

आता गंमत बघा. शोभिकातली देवनागरी अक्षरं शून्यातून काढलेली नाहीत. ती राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या फॉण्टवर उभी आहेत. रोमन अक्षरांचा पाया आहे मॉस्कोच्या पॅराटाईप कंपनीचा 'पीटी सेरिफ'. दोन जुन्या घरांच्या विटा घेऊन नवं घर बांधलं आणि दारावर तिसरीच पाटी लावली. तुम्ही म्हणाल, मग 'यशोमुद्रा सुधारित' किंवा 'पीटी सेरिफ मराठी' असं का नाही ठेवलं? सोपं गेलं असतं की.

निदान दुसरं नाव तरी ठेवताच आलं नसतं. पीटी सेरिफ आणि शोभिका दोन्ही एसआयएल ओपन फॉण्ट लायसन्स या परवान्याखाली आहेत. हा परवाना मोठ्या मनाचा आहे, पण त्यात एक अट आहे: फॉण्ट करणाऱ्याने एखादं नाव 'राखीव' म्हणून जाहीर केलं असेल, तर बदललेल्या आवृत्तीला ते नाव देता येत नाही. द्यायचंच असेल तर लेखी परवानगी घ्या. पॅराटाईपने 'पीटी सेरिफ' हे नाव राखीव ठेवलेलं आहे. म्हणजे अक्षराचा प्रत्येक वळसा तुम्ही घेऊ शकता, वाकवू शकता, त्याला शेपूट लावू शकता. नाव तेवढं घेऊ शकत नाही.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची नावं कशी पडतात हा या लेखाचा विषय आहे, आणि मी तो मुद्दाम या अटीपासून सुरू केला. कारण 'नावं कशी पडतात' म्हटलं की सगळे गमतीच्या गोष्टी सांगतात. अमक्याने मुलीचं नाव दिलं, तमक्याने कुत्र्याचं. त्या मीही सांगणार आहे. पण पेटची तयारी करणाऱ्या, कोर्सवर्कला बसलेल्या तुमच्यासारख्यांना त्यामागची गोष्ट जास्त कामाची: मुक्तस्रोताच्या जगात कोड कोणीही कॉपी करू शकतं, त्यामुळे कॉपी न होणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नाव. श्रेय नावाला चिकटतं, भरवसा नावाला चिकटतो आणि भांडणही नावावरच होतं.

विचार करा, राखीव नावाची अट नसती तर काय झालं असतं? एखाद्याने 'ळ' बिघडवून त्याच नावाने फॉण्ट पसरवला असता. तुमच्या मशीनवर एक 'ळ', गाईडच्या मशीनवर दुसरा, दोघांच्या फाईलवर फॉण्टचं नाव मात्र एकच. पानं सरकली, अनुक्रमणिका चुकली, आणि शिव्या मात्र मूळ फॉण्ट करणाऱ्याला.

आमचे 'हे'

फॉण्टच्या परवान्यात ही अट लिहून ठेवलेली असते. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बहुतेकदा ट्रेडमार्कच्या दारातून येते. परवाना कोडविषयी बोलतो, ट्रेडमार्क नावाविषयी, आणि दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. नवीन मुलांचा इथे नेहमी घोळ होतो. 'ओपन सोर्स आहे ना, मग नाव वापरलं तर काय झालं?' बरंच काही होतं.

सेंटओएसचा किस्सा यासाठी मला फार आवडतो. रेड हॅट ही कंपनी आपली लिनक्स प्रणाली विकते, पण तिचा कोड खुला असतो. २००४ मध्ये काही मंडळींनी तोच कोड घेऊन, रेड हॅटची नावं आणि चित्रं काढून, सेंटओएस नावाने तो फुकट द्यायला सुरुवात केली. यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. पण रेड हॅटच्या वकिलांचं पत्र आलं, की आमचं नाव तुमच्या पानांवर वापरू नका. मग सेंटओएसवाले आपल्या प्रणालीचं मूळ सांगताना लिहायला लागले, 'उत्तर अमेरिकेतला एक प्रख्यात एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता'. सगळ्या जगाला माहीत, कोण ते. पण नाव घ्यायचं नाही. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता 'आमचे हे' म्हणायच्या ना, तसंच. पुढे २०१४ मध्ये सेंटओएस रेड हॅटच्याच घरात नांदायला गेलं, तेव्हा कुठे उघडपणे नाव घेता आलं.

डेबियननेही असंच केलं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःच्या दुरुस्त्या करून तो द्यायचा, पण मोझिलाच्या नियमाप्रमाणे बदललेल्या आवृत्तीला फायरफॉक्स म्हणता येईना. तर २००६ पासून जवळपास दहा वर्षं डेबियनमध्ये त्याचं नाव होतं 'आइसवीझल'. आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी वीझल. रागात ठेवलेलं नावही किती नेटकं असू शकतं बघा. फायरफॉक्स हे त्या ब्राउझरचं तरी कुठे पहिलं नाव आहे? आधी फिनिक्स होतं, ते दुसऱ्या कंपनीचं निघालं. मग फायरबर्ड झालं, तर त्या नावाचा एक डेटाबेस प्रकल्प आधीच होता. २००४ मध्ये तिसऱ्या प्रयत्नात फायरफॉक्स.

लाल, मायावी आणि भाऊ

पण नाव पडतं कसं? एक पद्धत नाही. कधी बापाच्या डोक्यात एक असतं आणि बारशाला दुसरंच पडतं. लिनस टोरवाल्ड्सला आपल्या प्रणालीला 'फ्रीक्स' म्हणायचं होतं. १९९१ मध्ये फिनलंडच्या ज्या सर्व्हरवर ती ठेवली, तो सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी फोल्डरला 'लिनक्स' नाव दिलं, आणि तेच राहिलं. मायएसक्यूएलमधली 'मी' (आपण 'माय' म्हणतो) ही मोंटी विडेनियस यांची मुलगी, आणि तो डेटाबेस ओरॅकलच्या हाती जाणार असं दिसल्यावर त्यांनी जी फांदी काढली, त्या मारियाडीबीतली मारिया ही धाकटी. आर भाषेचं नाव तिच्या दोन कर्त्यांच्या, रॉस आणि रॉबर्ट यांच्या, पहिल्या अक्षरावरून आणि शिवाय ती ज्या 'एस' भाषेवरून निघाली तिच्याशी खेळ करून पडलं. या गोष्टी तुम्हाला कुठेही मिळतील. आपल्या जवळच्या जास्त रंगतदार आहेत.

'लोहित' घ्या. लिनक्सवर मराठी वाचलं असेल तर लोहित फॉण्ट तुमच्या डोळ्यांखालून गेलेलाच आहे. या फॉण्टांचं मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं, म्हणजे डीटीपीवाल्यांना तोंडपाठ असलेल्या श्रीलिपीची कंपनी. रेड हॅटने ते २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि २०११ मध्ये ओपन फॉण्ट लायसन्सखाली आणले. नाव काय ठेवलं? लोहित, संस्कृतात लाल. कंपनीच्या नावातली टोपी गेली, लाल रंग राहिला. मला हे नाव फार हुशारीचं वाटतं. कोणाचा ट्रेडमार्क त्यात नाही, पण कुठून आलं ते जाणणाऱ्याला कळतं. आधी 'लोहित मराठी', 'लोहित हिंदी', 'लोहित नेपाळी' अशी वेगवेगळी पॅकेजं असायची. नंतर ती एकत्र करून 'लोहित देवनागरी' झालं. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, लिपी एक तर फॉण्ट एक. तरी पॅकेजच्या यादीतून 'मराठी' हा शब्द गेला याची मला जराशी चुटपुट आहे. असो.

दुसरं नाव 'मायावी'. त्रिमिती शास्त्रीय चित्रं काढायला वापरतात ते पायथनचं साधन. हवा पंखावरून कशी वाहते, तापमान कसं पसरतं, असले आकडे डोळ्यांना दिसतील असे करतं. ते प्रभू रामचंद्रन यांनी केलं. आज ते आयआयटी मुंबईत एरोस्पेसचे प्राध्यापक आहेत, पण २००१ च्या सुमारास मायावी बाहेर आलं तेव्हा ते आयआयटी मद्रासमध्ये पीएच.डी. करत होते. हे वाक्य पुन्हा वाचा. पीएच.डी. करता करता स्वतःच्या कामासाठी केलेलं साधन आज जगभरच्या लॅबमध्ये चालतं. नाव संस्कृतातून घेतलं, अर्थ जादूगार. रोमन लिपीत लिहिलं की शेवटी येणारी दोन अक्षरं व्हिज्युअलायझेशनची पहिली दोन अक्षरंही होतात, तो एक जादा फायदा. मराठी कानाला मात्र 'मायावी' म्हटलं की राक्षस आठवतो, रूप बदलणारा, फसवणारा. डेटाचं चित्र काढणाऱ्या साधनाला हे नाव मला उलट जास्तच शोभतं असं वाटतं. रंगपट्टी जरा इकडची तिकडे केली की तोच आकडा भयंकर दिसतो किंवा काहीच नाही असा दिसतो. संशोधकाने चित्राकडे बघताना हा शब्द मराठी अर्थाने आठवावा.

तिसरं माझं लाडकं, 'बालू'. मुंबईच्या एक टाईप या मंडळींचा जाडजूड, गुबगुबीत फॉण्ट. लग्नपत्रिकेपासून यूट्यूबच्या थंबनेलपर्यंत सगळीकडे दिसतो. नाव किपलिंगच्या जंगल बुकमधल्या अस्वलाचं. पण खरी मजा पुढे आहे. हा फॉण्ट अनेक भारतीय लिप्यांत केला, आणि प्रत्येक लिपीच्या आवृत्तीला त्या भाषेतला 'भाऊ' जोडला. गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, ओडियात बालू भैना, गुरुमुखीत बालू पाजी, तमिळमध्ये बालू तंबी, तेलुगूत बालू तम्मुडू, कन्नडमध्ये बालू तम्मा, मल्याळममध्ये बालू चेट्टन, उर्दूत बालू भाईजान. कुठे थोरला भाऊ, कुठे धाकटा. देवनागरीत मात्र नुसता बालू. तिथे 'दादा' जोडायची सोय नव्हतीच म्हणा. मराठीतला दादा हिंदीत गेला की आजोबा होतो.

या नावांच्या रचनेत संशोधनाच्या दृष्टीने शिकण्यासारखं आहे. एका कुटुंबातल्या दहा वस्तूंना दहा परकी नावं देण्यापेक्षा एक आडनाव ठरवायचं आणि पुढे ओळख जोडायची. मराठीच्या संगणकीय अभ्यासात पुण्याच्या एल थ्री क्यूब या गटाने हेच केलं. महाकॉर्पस, महासेंट, महाएनईआर, महाहेट, महाबर्ट. तुम्ही पेपर वाचत असाल आणि कुठे 'महा' दिसलं, की मराठीचं काम आहे आणि बहुधा त्याच गटाचं आहे, हे सारांश वाचायच्या आधी कळतं. हे नाव नव्हे, हा पत्ता आहे.

आणि एक नाव असं, की जे तुम्ही हा लेख वाचताना वापरताय आणि तुम्हाला माहीत नसण्याची शक्यता मोठी: 'हार्फबझ'. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरं नीट जुळवून बसवायचं काम ते करतं. 'क' आणि 'ष' जवळ आले की 'क्ष' झाला पाहिजे, 'र' चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर गेला पाहिजे, हे ठरवतं ते. इंग्रजीत नाव वाचलं तर काही अर्थ लागत नाही. पण ते फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा. 'ओपनटाईप' या फॉण्टच्या प्रकाराचं सरळ भाषांतर. आपल्याकडे निजामाच्या काळात उर्दूतून शाळा शिकलेल्या म्हाताऱ्यांना 'हर्फ' म्हणजे काय ते समजवावं लागलं नसतं.

नाव बदललं की काय मोडतं

इथून पुढे जरा लक्ष देऊन वाचा, कारण हे तुमच्या थीसिसला थेट लागू आहे.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी सर्किट डिझाइनचं एक मुक्त साधन केलं. त्याचं नाव आधी फ्रीईडीए होतं, मग ऑस्कॅड, आणि आता ई-सिम. २०१३ मध्ये या साधनावर एक पुस्तक निघालं, ते 'ऑस्कॅड' नावाने. आता समजा तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तक काढलं आणि घरी येऊन ऑस्कॅड शोधलं, तर कुठे पोहोचाल सांगता येत नाही. बरं, 'ई-सिम' शोधाल तर? मोबाईलमध्ये कार्ड न घालता चालणारं सिम. टेलिकॉम कंपन्यांच्या जाहिराती, सेटिंग कशी करायची त्याचे व्हिडिओ, आणि त्या ढिगाखाली कुठेतरी आयआयटीचं साधन. साधन उत्तम आहे, नाव मोबाईलवाल्यांनी खाऊन टाकलं. माझं मत विचाराल तर ऑस्कॅड हे नाव जास्त चांगलं होतं.

मायावीचीही एक जुनी खोड आहे. मायावी २ चा कोड एनथॉट या अमेरिकन कंपनीच्या साधनांच्या संचात राहायचा, म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला आधी 'एनथॉट', टिंब, मग 'मायावी' असं लिहावं लागे. २०११ च्या सुमारास चौथ्या आवृत्तीत पुढची कंपनीची पाटी काढून टाकली. नाव सुटसुटीत झालं, पण त्याआधीचा प्रत्येक प्रोग्राम नव्या मशीनवर पहिल्याच ओळीत अडखळतो. एखाद्या जुन्या थीसिसच्या परिशिष्टातला कोड तुम्ही चालवायला घेतला आणि 'असं मॉड्यूल नाही' असा निरोप आला, तर आधी कोडला दोष देऊ नका. नाव बदललंय का बघा.

उलटही घडतं. पायथनमध्ये चित्रांवर काम करायचं जुनं साधन पीआयएल बंद पडत चाललं, तेव्हा २०१० मध्ये 'पिलो' नावाची फांदी निघाली. इन्स्टॉल करताना 'पिलो' म्हणायचं, पण प्रोग्राममध्ये अजूनही 'पीआयएल'च लिहायचं, म्हणजे जुने प्रोग्राम मोडत नाहीत. दारावर नवी पाटी, रेशनकार्डावर जुनं नाव. गोंधळ होतो खरा, पण त्यामागे विचार आहे.

हे सगळं आपल्याला नवीन वाटू नये. आपल्या भागातल्या जुन्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर 'मराठवाडा विद्यापीठ' असतं. १९७८ मध्ये विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि नाव प्रत्यक्षात बदललं ते १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत किती माणसांनी काय सोसलं, जीवही गमावले, ते इथे दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. त्याच १९९४ साली नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. लातूरच्या कॉलेजांवरची जुनी कागदपत्रं शोधताना विद्यापीठाची सगळी नावं टाकून शोधावं लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. सॉफ्टवेअरचंही तसंच. थीसिसमध्ये साधनाचं नाव लिहाल तेव्हा आवृत्ती क्रमांक लिहा, आणि नाव बदललेलं असेल तर आधीचं नावही लिहा.

आणि नाव कोणाच्या मालकीचं, हाही प्रश्न आहेच. नेटवर्कवाले सगळे 'वायरशार्क' वापरतात. २००६ पर्यंत त्याचं नाव 'इथरियल' होतं. जेराल्ड कोम्ब्स यांनी ते केलं, सांभाळलं, पण त्यांनी नोकरी बदलली तेव्हा नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला. कोड खुला, तो सोबत आला. नाव आलं नाही. सगळ्या जगाला माहीत झालेलं नाव सोडून नवं ठेवावं लागलं. आता कल्पना करा, तुम्ही फेलोशिपवर आहात, साधन तुमच्या कष्टाचं, पण नाव प्रकल्पाच्या कागदांत संस्थेचं. सबमिशननंतर तुम्ही दुसरीकडे गेलात तर? हे गाईडशी आधीच, चहा पिता पिता, स्पष्ट बोलून घ्या. लाजायचं काही कारण नाही.

रेणापूरच्या वहीला काय म्हणायचं?

माझ्या कामात एक छोटा प्रोग्राम तयार झालाय. हाताने लिहिलेल्या पावसाच्या नोंदवह्यांच्या फोटोंतून देवनागरी आकडे वाचून तक्ता करणारा. तो खुला करायचा आहे आणि पेपरमध्ये त्याचं नाव द्यायचं आहे. सध्या फोल्डरचं नाव आहे 'फायनल २ नवीन', तेव्हा विषय तातडीचा आहे.

पहिली सूचना आली 'जलदूत'. लातूरकराला हा शब्द लगेच लागतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तिचं नाव जलदूत. पण शोधलं तर केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाचं विहिरींची पाणीपातळी नोंदवायचं ॲपही जलदूत, २०२२ पासून. विषयही जवळचा. म्हणजे कोणीही आपलं साधन सरकारी समजेल किंवा सरकारी ॲपच्या तक्रारी आपल्याकडे येतील. बाद.

दुसरी सूचना 'रेणा', आमच्या गावची नदी. छोटं, गोड, आपलं. पण इथे मराठी नावाची मोठी अडचण समोर येते. कोड ठेवायच्या गिटहबवर रेपॉझिटरीच्या नावात देवनागरी चालत नाही. पायथनची पॅकेजं जिथे राहतात त्या पायपायवरही फक्त साधी रोमन अक्षरं, अंक, टिंब आणि रेघ. रोमन लिपीत गेलं की 'ण' चा 'न' होतो आणि रेणा ही 'रेना' होते. रेना तर जगात शेकड्याने आहेत, बायकांची नावं, दुकानांची नावं. 'ळ' असता तर आणखी वाईट. तुमच्या मनात कमळ, आभाळ, ओंजळ अशी नावं असतील तर आधी ती रोमनमध्ये लिहून, ज्याला मराठी येत नाही अशा मित्राला मोठ्याने वाचायला लावा. शोभिका, लोहित, मायावी ही नावं टिकली, त्याचं एक कारण म्हणजे कोणीही वाचलं तरी ती साधारण तशीच ऐकू येतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पायपायवर लहान-मोठी अक्षरं एकच धरतात, आणि टिंब, रेघ, खालची रेघ यांतही फरक करत नाहीत. तेव्हा मध्ये रेघ टाकून 'वेगळं' नाव होत नाही. हा नियम कटकटीचा वाटतो, पण त्यामागे धोका आहे. २०१९ मध्ये पायपायवर 'जेलीफिश' या शब्द जुळवणाऱ्या साधनासारखं दिसणारं एक खोटं पॅकेज सापडलं. एका 'एल' च्या जागी मोठा 'आय' होता. बहुतेक फॉण्टांत दोन्ही काडीसारखे दिसतात. ते मशीनवरच्या गुप्त किल्ल्या चोरायचं. जेलीफिश नावांची स्पेलिंगं ताडून बघायला वापरतात, म्हणजे सर्व्हेचा डेटा साफ करणारे तुमच्याआमच्यासारखेच लोक त्याचे गिऱ्हाईक. म्हणून इन्स्टॉल करताना नाव हाताने टाईप करण्यापेक्षा त्या साधनाच्या स्वतःच्या माहितीपानावरून उचला. आणि स्वतःचं नाव ठेवताना, कोणा प्रसिद्ध साधनाच्या नावापासून एका अक्षराच्या अंतरावर राहू नका. लोक संशय घेतात, आणि बरोबरच घेतात.

तिसरं नाव दोन शब्द जोडून केलं: 'रेणावही'. नदीही आहे, वहीही आहे, आणि मराठी माणसाला साधन काय करतं त्याचा अंदाज येतो. रोमनमध्ये 'रेनावही' होतं, पण जोडशब्द असल्याने त्या नावाचं दुसरं काही सापडत नाही. गिटहब बघितलं, पायपाय बघितलं, ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ९ आणि ४२ मध्ये शोधलं. सॉफ्टवेअर मुख्यतः या दोन वर्गांत येतं आणि शोध फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. मोकळं आहे. गाईड म्हणाल्या, पेपरच्या शीर्षकात नाव आधी आणि साधन काय करतं ते विसर्गचिन्हानंतर लिही, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हीकडून सापडेल.

नाव कसं उद्धृत करायचं तेही रेपॉझिटरीतच एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवतोय. मायावी वापरणारे रामचंद्रन आणि वारोको यांचा २०११ चा पेपर उद्धृत करतात, कारण कोणता करायचा ते तिथे सांगून ठेवलंय. सांगितलं नसतं तर प्रत्येकाने वेगळा दुवा दिला असता आणि श्रेय विखुरलं असतं. माहितीपानाची पहिली ओळ मात्र देवनागरीत आहे. तिथे चालतं. त्या ओळीत 'ण' आहे.